बॉयलरच्या खोलीतलं मीटर

१२ जानेवारी, सोमवार

बॉयलर विझल्यानंतरचा पहिला दिवस. राखेच्या ढिगावर झोपणारा गेटवरचा कुत्रा उबेची जागा शोधत सगळ्या शेडमधून फिरला आणि शेवटी माझ्या लॅबच्या दारात येऊन पडला.

नव्या मायक्रोवेव्ह मशीनवर, वहीत मी नुसतं ‘मावे’ लिहिते, तीन बॅच. सरकीच्या तेलाचा गाळ काळाकुट्ट आत जातो, मिथेनॉलबरोबर नळीतून फिरून काही मिनिटांत मधाच्या रंगाचं बायोडिझेल होऊन बाहेर येतो. वाफेवर ह्याच कामाला अर्धा दिवस जायचा. आम्लता तिन्ही वेळा मर्यादेत. तिसरी दोनदा तपासली, कारण पहिल्यांदा गुलाबी रंग जरा गडद वाटला. दुसऱ्यांदाही तेवढाच आला. तरी वहीत दोन्ही लिहिले.

शेठनी माझ्या अहवालाचं पहिलं पान चौकटीत घालून ऑफिसच्या भिंतीवर लावलंय. ‘वाफेच्या निम्म्याहून कमी ऊर्जेत तेच काम.’ खाली माझं नाव. आरती राठोड, एम.एस्सी. जाता-येता दिसतं. त्या भिंतीपाशी चाल आपोआप भराभर होते. आनंदानेच असेल.

काका घरी. मी पाचवीत होते तेव्हापासून ते त्या बॉयलरवर. सकाळी काकी म्हणाली, “आता एकच डबा भरायचा,” आणि तरी दोन भरले. नंतर एक झाकून ठेवला.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. सुट्टी नाही. संध्याकाळी काकीच्या हातच्या तिळाच्या वड्या.

याडीचा, आईचा, तांड्यावरून फोन. “तुझा काका जेवतो का नीट?” तीनदा विचारलं. तिच्या लेकीच्या कागदाने तिच्या दिराचं काम गेलं, हे तिला कळतं. ती बोलत नाही एवढंच.

काकांना वडी दिली, गोड बोला म्हटलं.

“गोडच बोलून राह्यलो. पन मले एक सांग, तुही वीज काय आभायातून पडते का वं? वणीचाच कोळसा ना तो? मी इथं पऱ्हाटी जाळत होतो, वावरातला कचरा. तुह्या डब्ब्यासाठी तिकडे कोनी कोळसा जाळून राह्यलं. धूर इथं दिसत नाही म्हनून स्वच्छ?”

मी म्हटलं, काका, अहवालात विजेमागचा कोळसा धरलाय. दोन्हीकडे सारखा धरलाय. तरी मावे निम्म्यात.

“धरला ना? मंग झालं.” आणि वडी खाल्ली.

विश्वास ठेवला. वाद घातला असता तर बरं वाटलं असतं.

नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नव्हती. सहा महिने ऊसतोड, सहा महिने तांडा. काकांनीच शिकवलं, पाचटाच्या कोपीबाहेर बसवून, वजनकाट्याच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर. बेरीज झाली की उलटी वजाबाकी करून दाखवायची, तोवर जेवण नाही. आजही बाजारातून आल्यावर तसंच करते.

१६ जानेवारी, शुक्रवार

डिसेंबरची लॉगबुक हवी होती म्हणून बॉयलरच्या खोलीत गेले. राखेचा वास अजून आहे. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी काकांनी जाताना पुसून ठेवलेली. पंप बंद, पंखा बंद, दिवासुद्धा बंद.

भिंतीवरच्या मीटरचा लाल ठिपका लुकलुकत होता.

आधी लक्षात आलं नाही. लॉगबुक घेऊन दारापर्यंत आले आणि परत फिरले. ठिपका मोजला. पटापट लुकलुकतोय. म्हणजे थोडीथोडकी नाही, चांगली वीज जातेय. कुठे?

नोव्हेंबरमध्ये बॉयलर धुवायला बंद होता तेव्हा काका मला म्हणाले होते, “भट्टी थंडी अन् मीटर पयून राह्यलं. येऊन पाह्य ना एकदा.” मी म्हटलं होतं, मीटर जुनं झालंय, बदलायला अर्ज देते. अर्जही दिला नाही.

तेव्हा मनात काय आलं होतं तेही लिहायला हवं. मनात आलं होतं की नवीन मशीन येतंय म्हणून काका खुसपट काढताहेत.

१७ जानेवारी, शनिवार

गजू वायरमनला घेऊन केबल पाहिली. मीटरपासून भिंतीच्या कडेने, गोडाऊनच्या मागून, पत्र्यावरून. मी केबलवर बोट ठेवून चालत होते, तो मागून हसत होता.

“मॅडम, साप नाही तो, चावत नाही.”

केबल जाऊन पोचली चिलरला. मावेच्या शेडमागचा तो मोठा पांढरा चिलर. मशीनमधल्या लहरी तयार करणाऱ्या नळ्या गरम होऊ नयेत म्हणून त्यांना गार पाणी पुरवतो. तो बंद, तर मशीन मिनिटभरात बंद.

“हा इकडे का जोडला?”

“नव्या पॅनलले जागाच नव्हती ना. बॉयलरच्या बोर्डावर एक लाइन खाली होती, जोडून देल्ली. तात्पुरती होती.”

“कधी जोडलीस?”

“मशीन आली त्याच हप्त्यात. भोयर सायबाले सांगतलं होतं बाप्पा.”

म्हणजे चाचणीचे ते तीन महिने. ऑक्टोबर ते डिसेंबर. दोन्ही लाइन रोज शेजारी शेजारी चालायच्या, मी रोज संध्याकाळी दोन मीटर वाचायचे, एक मावेचं, एक बॉयलरचं. मावेची सगळ्यात भुकेली वस्तू बॉयलरच्या खात्यात वीज खात होती. आणि मी ती बॉयलरच्या नावावर लिहीत होते, सुबक अक्षरात, रोज.

गजूने विचारलं, “काही गडबड झाली का मॅडम?”

मी नाही म्हटलं. पहिलं खोटं.

१८ जानेवारी, रविवार

दिवसभर आकडे. चिलरची वीज बॉयलरच्या रकान्यातून काढली, मावेच्या रकान्यात घातली. काही बॅचना मावे थोडं पुढे, काहींना वाफ. ‘निम्म्याहून कमी’ कुठेच नाही. जो फरक उरतो तो बॉयलरच्या ब्रिकेट, पऱ्हाटी दाबून केलेल्या विटा, जरा ओल्या आल्या तरी झाकून जाईल इतका बारीक.

काकी दोनदा जेवायला बोलवून गेली. नंतर ताट आणून ठेवलं, वर पातेलं झाकलं.

मशीन वाईट नाही. हे पुन्हा पुन्हा लिहावंसं वाटतं. तेल स्वच्छ येतं, ॲसिड कमी लागतं, वेळ वाचतो. मला ते मशीन आवडतं. त्याच्याबद्दल खरं बोलले असते तरी ते वाईट ठरलं नसतं. मी त्याला खोट्या कागदावर उभं केलं.

१९ जानेवारी, सोमवार

माझे वरिष्ठ भोयर सर, त्यांना सांगितलं. दार लावायला लावलं त्यांनी.

“राठोड मॅडम, चिलर ही सोय आहे. प्रक्रिया नाही. हिशोबाची सीमा कुठे आखायची ते आपण ठरवायचं असतं.”

मी विचारलं, मग बॉयलरचा पंप आणि पंखा कशाला धरला?

“तुम्ही धरला. मी नाही.”

खरं आहे. मीच धरला. कटाक्षाने धरला, वाफेवर अन्याय नको म्हणून.

मग जरा मऊ झाले. “गजूने मला सांगितलं होतं हो. पण रोज दोन्ही मीटर तुम्ही वाचता. मला वाटलं तुम्हाला माहीतच असणार, तुम्ही वजा करत असणार. इतक्या काटेकोर तुम्ही.”

बाहेर आले. हात धुतले. लॅबचा गॅसचा नळ बंद आहे का पाहिलं. गेटपर्यंत जाऊन परत आले आणि पुन्हा पाहिलं. बंदच होता.

२१ जानेवारी, बुधवार

काही नाही. बॅच तीन. सगळं मर्यादेत.

मावेचं मीटर वाचताना वाटलं, हे तरी कशाला वाचतेय.

२३ जानेवारी, शुक्रवार

काकांना सांगितलं.

ते अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होते. मी उभ्याउभ्याच बोलले, एका दमात, मध्ये थांबले असते तर राहिलं असतं. गजूची केबल, चिलर, रकाने, सगळं. तुमचं काम चुकीच्या बेरजेवर गेलं म्हणाले.

त्यांनी हात फडक्याला पुसले. एकेक बोट. मग आमच्या बंजारा बोलीत बोलले. फॅक्टरीत कायम मराठी, घरीही माझ्याशी बहुतेक मराठीच, शिकलेली म्हणून. आज आमच्या बोलीत. त्यामुळे जास्त लागलं. म्हणाले, मीटर पळतंय हे मला ठाऊक होतं. पण तुला ठाऊक नसेल असं माझ्या मनातच आलं नाही. एकदा सांगितलं, तू अर्ज देते म्हणालीस, मी म्हटलं पोरीने पाहिलं असेल.

म्हणजे सरांना वाटलं मला माहीत आहे. काकांना वाटलं मला माहीत आहे. सगळ्या कारखान्यात एकटी मीच, जिला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, शेठना सांगते.

तेव्हा मात्र मराठीत, तडकून: “काही नाही सांगाचं! माह्यं गेलं ते गेलं. आता तुहं बी घालवतं का? घरात एक जन तरी राहू दे पगारावर. कायले सांगतं? बॉयलर पेटनार हाय का वापस? धुराडं उतरवून नेलं, पंप नेला. राह्यलं काय तिथं?”

काकी दारातून: “अहो, तिच्यावर कायले चिडता?”

“चिडून नाही राह्यलो. समजावून राह्यलो.”

चेन बसली. सायकल सरळ केली आणि कुठे न जाता भिंतीला टेकवून ठेवली.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. नंतर शेठचं भाषण. मला पुढे बोलावलं.

“ही आपली आरती. तांड्यावरची पोरगी. हिच्या हिशोबानं आपन धूर बंद केला. आता नेरच्या मिलमधी बी हेच मशीन बसनार. तिथला बॉयलर नऊ तारखेपासून कापाले घेऊन राह्यलो. धुराचा जमाना गेला!”

टाळ्या. पेढे. गजूने माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला, त्याला अजून काही कळलेलं नाही.

नेर. तिथे बॉयलरवर तीन माणसं.

पेढा खिशातच राहिला, कोटाला डाग पडला.

२८ जानेवारी, बुधवार

एकच मार्ग दिसतोय. पुन्हा मोजायचं. इथला बॉयलर आता नुसतं लोखंड. नेरचा अजून चालू आहे. तिकडे असंच मशीन येणारच आहे तर आधी दोन आठवडे शेजारी शेजारी चालवू, प्रत्येक वस्तूला वेगळं मीटर लावू, मग कापायचा तर कापा.

शिवाय एक गोष्ट सुचलीय. मशीनच्या नळ्यांना थंड करून येणारं पाणी कोमट असतं. चिलर ती ऊब काढून हवेत फेकतो, त्यातच त्याची वीज जाते. ते पाणी आधी थंड गाळाच्या टाकीभोवती फिरवलं तर? गाळ फुकटात कोमट होईल, चिलरला काम कमी. मग कदाचित मावे खरंच जिंकेल. खरोखर. कागदावर नाही.

सरांपुढे कागद ठेवला. वाचला त्यांनी, हे मान्य करायला हवं.

“कल्पना चांगली आहे. मशीन बसल्यावर करू.”

“आधी मोजायला हवं सर. बॉयलर गेल्यावर तुलना कशाशी करणार?”

“तुलना झाली आहे. भिंतीवर लावली आहे.”

१ फेब्रुवारी, रविवार

एकटीच नेरला गेले. घरी सांगितलं मैत्रिणीकडे. दुसरं खोटं.

मिल बंद, बॉयलर मात्र हळू आगीवर. तिथले महादेवभाऊ, काकांच्या वयाचे, दोघांनी बॉयलरची परीक्षा एकत्र दिली होती. मला ओळखलं.

“हिरामनची पुतनी ना तू? ये ये. अरे, खुर्ची आना रे, मॅडम आल्या! हिरामन सांगत होता ना वं, पोट्टीनं आख्खी फॅक्टरी मोजून काढली म्हने.”

चहा दिला. बॉयलर दाखवला, जणू मी पाहुणी आणि तो घरातला कुणी. काचनळी आरशासारखी. मग स्वतःचे डोळे दाखवले, लाल, कडेला पाणी.

“हे पाह्य. धुरानं गेले. मशीन चांगली असन तर येऊच दे, मी काही आडवा पडनार नाही. मले फक्त एक सांग, खरंच निम्म्यात होते का काम?”

तिथेच सांगायचं. त्यासाठीच गेले होते.

मी म्हटलं, “अजून थोडं मोजायचंय.”

“मोज ना. तू मोजलं म्हनजे झालं.”

बसमध्ये खिडकीशी बसून आले. आमचं बाभुळगाव आलं ते कळलं नाही, कंडक्टरने हाक मारली. ज्याचं काम जाणार तो माणूस माझ्या आकड्याची वाट पाहतोय. रागाने नाही. भरवशाने. राग असता तर मी निभावलं असतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुरुस्त तक्ता तयार. तीन महिन्यांची प्रत्येक बॅच. वर स्वच्छ लिहिलं: आधीच्या अहवालात चिलरची वीज चुकून वाफेच्या बाजूला धरली गेली, चूक माझी. निष्कर्ष: ऊर्जेत लक्षणीय बचत दिसत नाही.

खाली सह्या. मोजणारी: मी. तपासणारे: भोयर सर. बॉयलरच्या नोंदी: काका. आधीच्या तक्त्यावरही ती तिसरी सही काकांचीच होती. त्यांच्या नोंदी तेव्हाही बरोबर होत्या, आताही आहेत.

लिहून झाल्यावर जरा हलकं वाटलं. तक्ता वाफेच्या बाजूला जरासा झुकला होता, आणि झुकलेला पाहून बरं वाटलं. ते बरं वाटणं आत्ता इथे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काका सही करणार नाहीत असंच धरून चालले होते. तरी पुढे ठेवला. चष्मा लावला त्यांनी. ओळ न् ओळ वाचली, बोट ठेवून. तासभर लागला असेल. काकी दोनदा चहा विचारून गेली.

ऑक्टोबरच्या पानावर बोट थांबलं.

“हे सगळं गार पानी तू मशीनच्याच नावावर टाकलं?”

“चिलर मशीनचाच आहे ना काका.”

“मशीनचाच. पन माह्या लाइनीले बी जात होतं ना ते.”

मला कळेना.

“ऊन काय कमी होतं का ऑक्टोबरमधी? दुपारी कूलिंग टॉवरचं पानी कोमटच राहे. मिथेनॉलची वाफ थंडी होईना, वासच वास सुटे. मंग मी चिलरच्या गार पान्याची वाल खोलून घेत होतो माह्या कंडेन्सरले. फिटर बंड्यानं नळी जोडून देल्ली होती, मशीन आली तेव्हाच. कधी अर्धी वाल, कधी पाव.”

“रोज?”

“ऊन पाहून.”

“किती वेळ?”

“अंदाजानं ना पोरी. वास कमी झाला की बंद.”

“वहीत का नाही लिहिलंत?”

चष्मा काढला. “वहीत त्याचा रकाना कुठं होता?”

रकाने मी आखले होते. पट्टी घेऊन, ह्याच टेबलावर बसून. चाचणीची ती सगळी वही माझ्या हातची.

आता चिलरच्या विजेतला काही भाग खरोखरच वाफेचा. किती? कुणाला माहीत. वालची तोटी किती फिरवली ते कुणाच्या मनगटात असेल तर असेल. भिंतीवरचा आकडा खोटा. माझा नवा आकडाही खोटा. उलट्या बाजूने.

काका मान खाली घालून बसले. म्हणाले, “मले वाटलं मदत करून राह्यलो. मशीन बी खराब दिसू नये, लाइन बी चालू राहावी.”

मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तक्ता गोळा करत बसले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर मार्ग शोधला. ऊन किती होतं त्यावरून वाल किती उघडली असेल? मिथेनॉल किती उडालं त्यावरून? प्रत्येक वेळी शेवटी एक आकडा मनाने घालावा लागतो, आणि तो मी मला हवा तसा घालते. दुपारी वाफ जिंकवली. चारला मावे जिंकवलं. दोन्ही तक्ते सुबक. दोन्ही बघून कुणीही मान डोलावेल.

फाडले.

लॅबमध्ये एकटीच रडले. मग डोळ्यांवर पाणी मारून संध्याकाळची बॅच तपासली. मर्यादेत.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेवटी एक पान लिहिलं. ‘कोणती पद्धत कमी ऊर्जा घेते, हे झालेल्या चाचणीवरून सांगता येत नाही.’ त्याखाली का ते. चिलर, केबल, वाल, न आखलेला रकाना. त्याखाली: नेरचा बॉयलर चालू आहे तोवरच हे मोजता येईल. तो कापल्यावर कधीच कळणार नाही.

भोयर सरांनी उभ्याउभ्या वाचलं.

“सांगता येत नाही? असा अहवाल असतो का मॅडम? हो म्हणा, नाही म्हणा, मी शेठसमोर बाजू मांडतो. हे काय घेऊन जाऊ?”

“हेच खरं आहे सर.”

“खरं असेल. वापरता येत नाही.”

सही केली नाही. पण फाडलंही नाही. माझ्याकडे परत दिलं, व्यवस्थित घडी घालून.

शेठना फोन. लग्नाला नागपुरात. “सोमवारनंतर बोलू गं बेटा, कापाकापी सुरू झाली की मी मोकळा.” मी म्हटलं, तेच थांबवायचंय. गाण्यांच्या आवाजात ऐकू गेलं की नाही माहीत नाही. त्यांनी फोन ठेवला.

मेल केला. पान जोडलं. उत्तर नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

उत्तर नाही.

काका सकाळी म्हणाले, “जाऊन राह्यली का उद्या नेरले?” मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हो म्हटलं. ते जाऊ नको म्हणाले नाहीत, जा पण म्हणाले नाहीत. पानाखाली तिसऱ्या जागी सही करून दिली. सहीशेजारी आपणहून एक ओळ लिहिली: ‘वाल मी अंदाजाने खोलत होतो.’ अक्षर हललेलं आहे.

मी म्हटलं, काका, हे लिहायची गरज नव्हती.

“तू तुही चूक लिहिली ना?” म्हणाले, आणि काकीला चहा मागितला.

आता हे पान दोघांनाही बुडवेल. आणि एवढं करून ते सांगतं काय, तर सांगता येत नाही. काकीला सकाळी म्हटलं, मी मोजायला शिकलेच नसते तर. ती म्हणाली, “काहीही काय बोलतं,” आणि भाजी निवडत राहिली. तिच्याजवळ बसून मीही निवडली. सगळी मेथी संपली तरी दोघी बसून होतो.

९ फेब्रुवारी, सोमवार. नेर.

हे मिलच्या आवारात बसून लिहितेय, सरकीच्या पोत्यावर. नऊ वाजून गेलेत.

आले तेव्हा गॅस कटरची गाडी आधीच उभी होती. दोन सिलेंडर, गुंडाळी केलेल्या नळ्या. महादेवभाऊंनी काल आग विझवली, बॉयलर हात लावून पाहिला तर अजून जरा कोमट. ते आणि दुसरे दोघं भिंतीला टेकून बसलेत. त्यांना पान वाचून दाखवलं. पूर्ण. वाल, केबल, माझं नाव, सगळं.

महादेवभाऊंनी काकांच्या ओळीवर बोट ठेवलं. मग, “म्हनजे तुले माहीतच नाही?”

“नाही भाऊ.”

“अन् त्या दिवशी च्या पेली तेव्हा?”

“तेव्हाही नव्हतं. तेव्हा मला वाटत होतं माहीत आहे.”

त्यांनी तोंड फिरवलं. ते योग्यच आहे.

मिलच्या मॅनेजरनी पान घेतलं, केबिनमध्ये गेले, दार लावलं. आतून फोनवर बोलण्याचा आवाज येतो. एकदा ‘राठोड’ ऐकू आलं. एकदा हसल्यासारखं. माझ्या मोबाइलवर भोयर सरांचे दोन मिस्ड कॉल. घेतले नाहीत. सुट्टीचा अर्जही दिला नाही आज, पहिल्यांदाच.

कटरवाला मघा येऊन विचारून गेला. तोंडावरची काळी काच वर सरकवलेली, हातात लायटर.

“मॅडम, लावू का?”

“थोडं थांबा.”

“कोनी सांगतलं थांबाले? मालकानं?”

“नाही. मी सांगतेय.”

“तुम्ही कोन?”

मी म्हटलं, मोजणारी.

त्याने वरून खालपर्यंत पाहिलं, मग केबिनच्या बंद दाराकडे. “अर्धा घंटा थांबतो,” म्हणाला. “मंग माह्यं बी काम हाय.” सिलेंडरला पाठ लावून बसला, डबा उघडला.

साडेनऊ. दार अजून बंद आहे.